टॉन्सिलनंतरची पहिली रात्र

घोरण्याला आमच्याकडे आजार म्हणायची रीत नाही. खळ्यावर राखणीला झोपलेल्या म्हाताऱ्याच्या घोरण्याने रानडुकरं लांब राहतात, असं कौतुकाने सांगणारी माणसं मला शहादा तालुक्यात भेटली आहेत. पोर घोरायला लागलं की 'गाढ झोपलंय' म्हणून आई निर्धास्त. झोपेत घसा मिटून श्वास अडकण्याचा जो विकार आहे, ज्याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात, तो नंदुरबारच्या जुन्या केसपेपरांवर त्या नावाने सापडायचा नाही. तो टॉन्सिलच्या ऑपरेशनांत दडलेला आहे. मूल सारखं आजारी पडतं, घसा सुजतो, अंग धरत नाही, म्हणून टॉन्सिल काढायला आणायचे. श्वासाची भानगड आम्हाला कळायची ती टेबलावर, नाहीतर ऑपरेशननंतरच्या रात्री.

मी भूलतज्ज्ञ. सर्जनचं नाव दवाखान्याच्या पाटीवर असतं, आमचं फार तर बिलात. पेशंटच्या लेखी मी 'भूलवाल्या बाई'. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघाला. त्याच्या आधीपासून मी शहादा, तळोदा आणि नंदुरबारच्या लहान दवाखान्यांत भूल देत आले. त्या काळी कान-नाक-घशाचे डॉक्टर धुळ्याहून ठरल्या वारी यायचे, चार-पाच टॉन्सिल उरकायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत. त्यात त्यांचा दोष नव्हता, दुसरीकडचे पेशंट वाट बघत असायचे. मागे उरायची रात्र. ती माझ्या आणि सिस्टरांच्या वाट्याला.

ऑपरेशन जुनं आणि निदान नवं, असा हा उलटा इतिहास आहे. नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी १८६८ मध्ये ओळखल्या आणि खरवडून काढायला सुरुवात केली. १८८९ मध्ये लंडनच्या विल्यम हिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की, शाळेत मागे पडणारी, मठ्ठ ठरवलेली काही मुलं मुळात नाक चोंदलेली, तोंडाने श्वास घेणारी असतात, आणि वाट मोकळी केली की सुधारतात. आश्रमशाळेत मागच्या बाकावर पेंगणाऱ्या पोराला छडी मारणाऱ्या गुरुजींनी हे वाचायला हवं होतं. पण डॉक्टरांनी तरी कुठे वाचलं? त्यानंतर पाऊणशे वर्षं टॉन्सिल निघत राहिले ते घशाच्या जंतूंच्या नावाने, झोपेच्या नावाने नाही.

झोपेत श्वास थांबतो हे यंत्रावर नोंदलं गेलं १९६५ साली, फ्रान्समध्ये गास्तो यांच्याकडे आणि जर्मनीत युंग आणि कुहलो यांच्याकडे, जवळजवळ एकाच वेळी. १९६९ मध्ये कुहलो आणि सहकाऱ्यांनी उपाय केला तो सरळ गळ्याला भोक पाडण्याचा: वरची वाट मिटते ना, मग खालून हवा घ्या. जालीम, पण लागू पडणारा. स्टॅनफर्डच्या गिलमिनो यांनी १९७६ मध्ये आठ मुलांच्या नोंदी छापल्या आणि हा आजार फक्त जाड्या पुरुषांचा नाही हे दाखवून दिलं. मग आलं १९८१. त्या वर्षी सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप मांडलं, आणि डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधल्या शिरो फुजिता यांनी पडजीभ, टाळूची मऊ कड आणि टॉन्सिल काढून घसा रुंद करण्याचं ऑपरेशन बारा पेशंटांवर करून छापलं. फुजितांच्या आधी जपानमध्ये इकेमात्सु यांनी १९५२ पासून घोरण्यासाठी असंच काही सुरू केलं होतं, पण त्यांचं लिखाण बाहेर फारसं पोचलं नव्हतं.

फुजितांचं ऑपरेशन जगभर गाजलं. बायकोची तक्रार मिटायची आणि नवऱ्याची सुरू व्हायची. टाळू जास्त कापली गेली तर पाणी पिताना नाकातून येतं, आवाज गेंगाणा होतो. नाकामागची वाट व्रण आवळून अरुंद होऊ शकते. घसा कोरडा पडतो, काहीतरी अडकल्यासारखं वर्षानुवर्षं वाटत राहतं. आणि इतकं सोसून गुण किती? १९९६ मध्ये शेर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र मांडले तेव्हा समाधानकारक फरक पडलेले पेशंट निम्म्यालाही पोचत नव्हते, चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडकणं थांबलं असं नाही. आवाज जातो, आजार गुपचूप राहतो.

यापेक्षा गंभीर प्रश्न ऑपरेशनच्या लगेच नंतरचे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतल्या ३,१३० पेशंटांचा हिशेब केझिरियन यांनी २००४ मध्ये छापला: गंभीर गुंतागुंत १.५ टक्के, महिन्याभरात मृत्यू ०.२ टक्के. पाठोपाठ त्यांनीच दाखवलं की जास्त वजन, आजाराची तीव्रता आणि सोबतचे इतर रोग यांनी धोका वाढतो. आकडा छोटा वाटेल. पण हे आकडे ज्या रुग्णालयांतले आहेत तिथे रात्री तीनला हाक मारली तर डॉक्टर जिना उतरून येतो.

आता परत मुलांच्या टॉन्सिलकडे. त्या ऑपरेशननंतरची रात्रच का वाईट, हे सोपं करून सांगते. टॉन्सिल निघाले तरी जखमेला सूज येते, आणि आधीच अरुंद असलेली वाट काही तास अजून अरुंद होते. भुलेचा अंमल पूर्ण उतरलेला नसतो. त्यात दुखू नये म्हणून अफूच्या जातीचं औषध दिलं तर श्वास आणखी मंदावतो. मॉन्ट्रियलच्या कॅरेन ब्राऊन यांनी २००६ मध्ये दाखवलं की, ज्या मुलांचा ऑक्सिजन रोज रात्री खूप खाली जातो त्यांना मॉर्फीन इतरांच्या निम्म्यानेच पुरतं. म्हणजे वजनावरून बरोबर काढलेला डोसही त्यांच्यासाठी दुप्पट ठरतो. कोडीनचं तर विचारू नका. काही जणांचं शरीर कोडीनचं मॉर्फीन फार झपाट्याने करतं. टॉन्सिल काढल्यावर घरी गेलेली मुलं त्याने झोपेत दगावली, तेव्हा २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कामासाठी कोडीनवर सर्वांत कडक इशारा लावला. अजून एक गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही, पाहिल्यावरच पटते. वर्षानुवर्षं जोर लावून श्वास ओढणाऱ्या मुलाची वाट एकदम मोकळी झाली की कधी कधी फुफ्फुसांत पाणी उतरतं आणि नळीतून गुलाबी फेस येतो.

आमच्या हातात तेव्हा काय होतं? भूल देण्याचं बॉईलचं मशिन, हॅलोथेन आणि केटामाइन ही भुलेची औषधं, आणि मुलाच्या छातीवर चिकटपट्टीने बसवलेला स्टेथोस्कोप, ज्याची नळी ऑपरेशनभर माझ्या कानात. श्वासावर कान ठेवण्याची ही शिस्त जुनी. १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या पैशावर हैदराबादेत क्लोरोफॉर्मच्या भुलेतल्या मृत्यूंचा छडा लावायला दोन आयोग बसले होते. सर्जन एडवर्ड लॉरी यांचा निष्कर्ष असा की, आधी श्वास थांबतो, मागून हृदय. तेव्हा नाडी धरून बसू नका, श्वास बघा. हृदय आधीही थांबू शकतं हे १९११ मध्ये लीव्ही यांनी सिद्ध केलं आणि लॉरी निम्मे चुकीचे ठरले. उरलेलं निम्मं माझ्या पिढीने नोकरीभर वापरलं. लॉरींच्याच हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानल्या जातात. आम्हा भूलवाल्या बायांची वंशावळ आपल्या शेजारच्या हैदराबादेतून सुरू होते, हे किती जणींना माहीत आहे कोण जाणे.

एक रात्र सांगते. धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरचा पावरा मुलगा, चारेक वर्षांचा. त्याच्या आईशी बोलायला दवाखान्याचा शिपाई दुभाषा. झोपतो कसा, असं विचारलं तर तिने त्याला मांडीवर उभा धरून दाखवलं: आडवा केला की गुदमरतो, म्हणून बसून झोपवते. प्रकाशा गावाकडची एक आजी शेजारच्या खाटेवरून म्हणाली, "मन्हा नातू बी रातले भलता घोरस, मंग एकदम गुपचूप व्हई जास." निदान त्या दोघींनीच करून टाकलं होतं, स्लीप लॅब लागली नाही. ऑपरेशन नीट झालं, रक्त थेंबभर. रात्री दोनच्या सुमाराला सिस्टर म्हणाली, "मॅडम, छाती हलतेय, पण नाकापुढे हात धरला तर हवा लागत नाही." श्वास घ्यायचा प्रयत्न चालू आणि वाट बंद. त्याला कुशीवर घेतला, जबडा पुढे ओढून धरला, ऑक्सिजन लावला. जबडा सोडला की परत तेच. उजाडेपर्यंत मी, सिस्टर आणि त्याची आई आळीपाळीने तो जबडा धरून बसलो. आई सगळ्यांत चांगली धरत होती. मुलगा वाचला. पण तो बरा झाला ते आम्ही त्याला रात्री ठेवून घेतला म्हणून. संध्याकाळी जीपने धाडला असता तर चांदसैली घाटात ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०१२ च्या मार्गदर्शनात कोणत्या मुलांना ऑपरेशननंतर श्वासाचा धोका जास्त, याची यादी दिली आहे: तीन वर्षांखालचं वय, तीव्र ॲप्निया, हृदयावर परिणाम, लठ्ठपणा, चेहऱ्याच्या हाडांतले जन्मजात दोष, स्नायूंचे आजार, चालू सर्दी-खोकला. आणि त्याच यादीत, लठ्ठपणाच्या शेजारी, वाढ खुंटणं. तिकडचे डॉक्टर यातलं लठ्ठपण बघतात, आम्ही दुसरं टोक. अक्कलकुवा आणि धडगावातली कुपोषित मुलं वर्तमानपत्रांत दर पावसाळ्यात येतात. ऑपरेशन टेबलावर ती येतात तेव्हा त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. दहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त सातशे-साडेसातशे मिलिलिटर. चहाच्या एका छोट्या कपाएवढं गेलं तरी दहावा हिस्सा गेला. आणि ते जातं दिसत नाही, कारण झोपलेलं मूल रक्त गिळतं. म्हणून सिस्टरांना मी पहिली गोष्ट शिकवायचे: बेडवर डाग शोधू नका, गळा बघा. झोपेत सारखं गिळतंय का? गिळत असेल तर मला उठवा.

अकादमीच्या यादीत न मावणारा आमचा धोका रक्तातच आहे. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं पहिलं वर्णन शिकागोच्या हेरिक यांनी १९१० मध्ये केलं. भारतात १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांना तो नीलगिरीच्या आदिवासींत सापडला, १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरहून नोंदला. महाराष्ट्रातल्या आदिवासींतला त्याचा पसारा पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांनी आयुष्य घालून मोजला. भिल्ल, पावरा, माडिया अशा समाजांत सिकलचं हिमोग्लोबिन २० ते ३५ टक्के लोकांत आढळतं. यातले बहुतेक नुसते वाहक, पण ग्रस्तांची संख्या ज्या जिल्ह्यांत पाच हजारांवर असण्याचा अंदाज बांधला गेला त्यांत नंदुरबार आहे. सातपुड्याच्या हिवतापाने हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या राखलं, कारण वाहकाला मलेरिया कमी मारतो, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं होतं.

आता गाठ कुठे बसते बघा. सिकलच्या मुलांत टॉन्सिल वाढणं आणि झोपेत श्वास अडकणं जास्त. ऑक्सिजन उतरला की पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, नसा तुंबतात, हाडं दुखतात, छातीत कळ येऊन फुफ्फुसं बिघडतात. म्हणजे ज्याला या ऑपरेशनची सर्वांत जास्त गरज, त्यालाच सर्वांत जास्त धोका. विचिन्स्की यांनी १९९५ मध्ये सहाशेवर ऑपरेशनं तपासून सांगितलं की आधी रक्त देऊन हिमोग्लोबिन दहापर्यंत नेलं तरी पुरतं, त्याहून आटापिटा करायला नको. रक्त दिलंच नाही तर? २०१३ मध्ये छापलेल्या चाचणीत न दिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना गुंतागुंत झाली, दिलेल्यांपैकी १५ टक्क्यांना. आपल्याकडचा सिकल अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहिल्यामुळे सौम्य, असं आम्हाला शिकवलं गेलं. सौम्य असेलही, पण भूल देताना मी त्या सौम्यपणावर कधी पैज लावली नाही.

राहिली वाट, म्हणजे दवाखान्यापर्यंतचा रस्ता. टॉन्सिलनंतर पहिल्या चोवीस तासांतला रक्तस्राव वेगळा, आणि पाचव्या ते दहाव्या दिवशी खपली सुटते तेव्हाचा वेगळा. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडात २००३-०४ मध्ये ३३,९२१ पेशंटांची पाहणी झाली, ३.५ टक्क्यांना रक्तस्राव, ०.९ टक्के परत ऑपरेशन थिएटरात. तिथे ते परत आले म्हणून मोजले गेले. आमच्याकडे दिवाळी झाली की बिऱ्हाडं कोयते घेऊन बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला निघतात, ते होळीला परततात. टॉन्सिलचा सातवा दिवस फडावर उगवतो. जी माणसं पाड्यावर राहतात त्यांना रात्री बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत यावं लागतं, आणि पावसात दरड आली की घाट बंद. नंदुरबार शहरातही आमची एक खास सूचना असायची: दोन आठवडे मिरची वाळत घालतात त्या पथारीकडे फिरकायचं नाही. हिवाळ्यात तिथला ठसका साऱ्या गावाला खोकवतो, ताज्या जखमेचं काय होईल! आणि भाकरी बंद, पेज चालू. ही सूचना आया मनापासून पाळायच्या. आइस्क्रीम खायला द्या म्हटलं की मात्र 'सर्दी होईल' म्हणून नाकारायच्या.

इतक्यात मोठ्यांचीही भर पडली आहे. ऊस आणि केळीच्या पैशाने शहाद्याच्या पट्ट्यात पोटं सुटली, मधुमेह आला. टोरांटोच्या फ्रान्सेस चंग यांनी २००८ मध्ये काढलेली आठ प्रश्नांची यादी मी अशा पेशंटला तोंडी विचारते: मोठ्याने घोरता का, दिवसा पेंगता का, श्वास थांबलेला कुणी पाहिला का, बीपी आहे का, मग वजन, वय, पुरुष आहात का, आणि मान चाळीस सेंटिमीटरच्या वर आहे का. टेप माझ्या खिशात असते. ही माणसं ॲप्नियाच्या ऑपरेशनला येत नाहीत, हर्नियाला नाहीतर गुडघ्याला येतात. पण मेयो क्लिनिकमध्ये २००१ साली दिसलं की सांधा बदलल्यावर ॲप्नियावाल्यांपैकी ३९ टक्क्यांना गुंतागुंत झाली, बाकीच्यांपैकी १८ टक्क्यांना. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लहरी गेले आणि डॉक्टरांनी कारण ॲप्निया सांगितलं, तेव्हापासून लोक स्वतःहून विचारतात, "बाई, ते बप्पीदांना होतं ते का?" वीस वर्षं समजावून जे झालं नाही ते एका बातमीने झालं.

दुसरा बदल करोनाने केला. बोटावर लावून ऑक्सिजन सांगणाऱ्या यंत्राचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. आमच्या थिएटरात ते यायला नव्वदीचं दशक सरत आलं. १५ सप्टेंबर २०२० रोजी 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि तेच यंत्र आशाताईंच्या पिशवीतून सातपुड्याच्या पाड्यांवर पोचलं. साथ ओसरल्यावर त्यांतली कितीतरी खणात पडली. मॉन्ट्रियलच्याच डॉक्टरांनी २००४ मध्ये दाखवलं आहे की रात्रभराच्या ऑक्सिजन-नोंदीवरून मुलाचा धोका किती तीव्र हे ठरवता येतं. तेवढ्यासाठी नोंद साठवणारं यंत्र हवं, एकदा बोट घालून काढलेला आकडा नको. आलेख बिघडला तर आजार नक्की, चांगला आला तर आजार नाही असं मात्र नाही. सिकलच्या रक्तात आणि गडद कातडीवर हा आकडा फसवूही शकतो, हेही ध्यानात ठेवायचं.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जाहीर झाली: चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. १ जुलै हा डॉक्टर दिनही आणि आमच्या जिल्ह्याचा वाढदिवसही. तपासणीचं कार्ड घरोघर येतंय. पालकांना माझं सांगणं एवढंच: ऑपरेशन कसलंही असो, ते कार्ड सोबत आणा, आणि पोर घोरतं, बसून झोपतं किंवा झोपेत गप्प पडतं हे कुणी विचारण्याची वाट न पाहता भूल देणाऱ्याला सांगा. आणि सर्जन मंडळींना: तीन वर्षांखालचं, सिकलचं किंवा हाडं दिसणारं मूल टॉन्सिलनंतर त्याच संध्याकाळी सोडू नका, खाट नसेल तर तारीख पुढे ढकला. सोडताना डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिता, तिथेच रात्री रक्त आलं तर कोणत्या दवाखान्यात जायचं ते नाव आणि फोन नंबर लिहा. ऊसतोडीला जाणारं घर असेल तर गुजरातमधल्या दवाखान्याचा.